समलिंगी प्रेम आणि मराठी वाङ्मयातील घर

प्रेमाला वाङ्मयात स्थान मिळणे ही एक गोष्ट. त्याला घर मिळणे ही निराळी. मराठी लेखकांनी समलिंगी प्रेमाला स्थान दिले, आणि ते धीटपणे दिले. घर देण्याच्या बाबतीत मात्र त्यांचा हात आखडला आहे, असे आम्हांस वाटते. तीन प्रसिद्ध कृतींच्या आधारे हे मत येथे पारखून पाहावयाचे आहे.

त्यासाठी एक वाचक कल्पावा. बुऱ्हाणपूर जिल्ह्यातील दापोरा येथे मराठी घरात वाढलेला, विशीतला एक तरुण. त्याचे मन दुसऱ्या एका तरुणावर जडले आहे. खेड्यातील लग्न हा केवळ दोघांचा मामला नसतो. दारी मांडव उभा राहतो, सोयरेधायरे येतात, भावकीचे मानपान होतात आणि पुढे त्या दोघांच्या नावाने एक चूल ओळखली जाऊ लागते. या तरुणाची आशा त्या चुलीची आहे. शहराच्या गर्दीत लपण्याची सोय त्याला नको आहे. असा वाचक पुस्तक उघडील तेव्हा त्याच्या हाती काय लागेल?

विजय तेंडुलकरांचे ‘मित्राची गोष्ट’ हे नाटक 1981 साली रंगभूमीवर आले. रोहिणी हट्टंगडी यांनी साकारलेली मित्रा आपले स्वरूप ओळखते आणि ते नाकारीत नाही. हे त्या नाटकाचे थोर बळ होय. परंतु नमावरील तिच्या प्रेमाला स्वतःची जागा अशी नाही. बापूच्या खोलीचा आसरा, आणि तोही उसना. मित्राचा शेवट आत्मघातात होतो. ही शोकांतिका खोटी आहे असे कोण म्हणेल? जेथे पाय ठेवावयास जागा नाही तेथे माणूस किती काळ उभे राहणार!

सचिन कुंडलकर यांच्या ‘कोबाल्ट ब्लू’ (2006) या कादंबरीत तनय आणि अनुजा ही बहीणभावंडे घरातील एकाच भाडेकरूवर प्रेम करतात. येथे मरण नाही, अपराधभावही नाही. पंचवीस वर्षांत मराठी गद्याने एवढी मजल मारली. तथापि घर आईवडिलांचे, खोली भाड्याची आणि प्रियकर निघून जाणारा. तनयचे सारे निवेदन त्या निघून गेलेल्याला उद्देशून आहे. चेतन दातार यांच्या ‘एक माधव बाग’मध्ये हा विषय आईच्या उंबऱ्याशी येतो. मुलाचे सत्य कळलेल्या आईची घालमेल त्यात फार मायेने रेखाटली आहे. पण ते घरही आईचेच. मुलाचे स्वतःचे घर तेथेही पडद्याआडच राहते.

यावर कोणी म्हणेल की, जे जीवनात नाही ते वाङ्मयात कोठून यावे? हा आक्षेप आम्हांस मान्य नाही. याच मध्यप्रदेशात 1987 साली दोन महिला पोलीस शिपायांनी परस्परांशी विवाह केला आणि त्यापायी नोकरी गमावली. त्या वेळी 1860च्या दंडसंहितेतील कलम 377 जागेवरच होते. सज्ञानांच्या संमतीच्या संबंधांपुरते ते 6 सप्टेंबर 2018 रोजी निष्प्रभ झाले. जीवन वाङ्मयासाठी थांबले नव्हते.

विवाहाचा प्रश्न मात्र सुटलेला नाही. 17 ऑक्टोबर 2023 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांनी विवाह हा मूलभूत हक्क नसल्याचे एकमताने सांगून तो विषय संसदेकडे सोपविला. पुनर्विचाराच्या याचिकाही जानेवारी 2025 मध्ये फेटाळल्या गेल्या. तरीही 2024 मध्ये केंद्र सरकारने राज्यांना कळविले की, समलिंगी सहचरांना शिधापत्रिकेसाठी एकाच कुटुंबातील मानावे. या विसंगतीत केवढा अर्थ भरला आहे! विवाह नाकारणाऱ्या राज्यव्यवस्थेला निदान शिधापत्रिकेपुरती ती चूल दिसली. आमच्या या तीन कृतींत ती कोठेच पेटलेली नाही.

लेखकाने गोड शेवट करावा, असे आमचे मागणे नाही. घर म्हणजे सुखच असे कोणी मानीत नाही. घरात आजारपण असते, उधारी असते, भाजीत मीठ जास्त पडल्यावरून अबोला असतो. दोन पुरुषांच्या वा दोन स्त्रियांच्या संसारातील तो अबोला मराठीत लिहिला गेला पाहिजे. शोकांतिकेने या प्रेमाला करुणा मिळवून दिली. पण करुणा ही दारात उभ्या असलेल्या पाहुण्याला मिळते. भांडण्याचा हक्क घरच्या माणसाला असतो.

कायदा संसदेत होईल तेव्हा होईल. कादंबरीला मात्र कोणाच्या मंजुरीची वाट पाहावी लागत नाही. दापोऱ्याच्या त्या तरुणाला मांडव देणे लेखकाच्या हाती नाही. त्या मांडवानंतरचा एक साधा दिवस त्याला वाचावयास देणे निश्चित आहे.