बीजवर्गीय मसाला पिके आणि नत्राची मात्रा : एक चिकित्सा

जिरे, धने, बडीशेप, मेथी यांवरील नत्रखताच्या अनेक प्रयोगांचा निष्कर्ष एवढाच असतो : मात्रा वाढविली, उत्पादन वाढले. प्रस्तुत लेखकास हा निकष अपुरा वाटतो. जिऱ्याचेच पाहावे. राजस्थान-गुजरातच्या कोरड्या रब्बी हवेत वाढणारे हे नाजूक पीक. नत्र अधिक झाले की पाला माजतो, पीक दाटते आणि ढगाळ, दमट हवा येताच अल्टरनेरिया बुरशीचा करपा अशा शेतात झपाट्याने पसरतो. युरियाची जादा गोणी अनुदानामुळे स्वस्त. नुकसान मात्र अख्ख्या हंगामाचे. कोरड्या, अनुकूल वर्षांच्या सरासरीत ही जोखीम उमटतच नाही. मेथी तर द्विदल. तिच्या मुळांवरील गाठी हवेतील नत्र स्थिर करतात आणि जमिनीत नत्र मुबलक असल्यास त्या कमी धरतात. तिला बडीशेपेच्या तोलाने खत देणे अशास्त्रीयच म्हणावे लागेल. शिवाय मसाल्याचे मोल त्यातील सुगंधी तेलात. कोष्टके मात्र पुष्कळदा हेक्टरी किलोग्रॅमवरच थांबतात. अजमेरनजीक तबीजी येथे २००० साली या पिकांसाठी स्वतंत्र राष्ट्रीय संशोधन केंद्र स्थापन झाले. त्यानंतरच्या प्रबंधांत तरी तेलाचे प्रमाण व करप्याची नोंद हे दोन रकाने परीक्षकांनी अनिवार्य मानावयास हवे होते.