एकाच पत्राखालील दोन नांवें

मोहरम आला कीं महाराष्ट्रालाही कर्बला आठवते. सांगली जिल्ह्यांतील कडेगांवचे गगनचुंबी ताबूत आणि त्यांच्या भेटी पाहण्यास हिंदु-मुसलमान दोन्ही समाज लोटतात. हजरत हुसेनांची तहान, फुरात नदीचें अडविलेलें पाणी, तान्ह्या अली असगरचा अंत, हीं चित्रें अशा सोहळ्यांनीं व शोकगीतांनीं लोकांच्या मनांत जिवंत ठेविलीं, हें त्यांचें ऋण प्रथम मान्य केलें पाहिजे. परंतु कथा या दृष्टीनें पाहतां या परंपरेंत आम्हांस एक उणीव भासते. तींत करुणरस ओसंडतो. निर्णयाचा क्षण मात्र बहुधा झांकला जातो.

हबीब इब्न मुझाहिर यांचेंच उदाहरण घ्या. कूफा नगरांतील असद कुळाचे हे वृद्ध गृहस्थ. कित्येक चरित्रकार त्यांस सहाबींत, म्हणजे पैगंबरांचा प्रत्यक्ष सहवास लाभलेल्या मंडळींत, गणतात. इ. स. ६८० मध्यें मुआविया वारला व त्याचा पुत्र यझीद गादीवर आला. तेव्हां हुसेनांना बोलावणारें जें पत्र कूफ्याहून गेलें, त्याखालीं हबीब यांचें नांव होतें. सुलेमान इब्न सुरद या दुसऱ्या वृद्ध सहाबींचेंही होतें. पुढें उबैदुल्ला इब्न झियाद सुभेदार होऊन आला, हुसेनांचे दूत मुस्लिम इब्न अकील मारले गेले, आणि शहरानें दारें लावून घेतलीं. हबीब मात्र निघाले. १० ऑक्टोबर ६८० रोजीं, परंपरेनें बहात्तर मानलेल्या त्या तुकडीची डावी फळी त्यांनीं सांभाळली, आणि त्याच दिवशीं ते धारातीर्थीं पडले.

सुलेमान गेले नाहींत. पुढें पश्चात्तापानें पोळून त्यांनीं ‘तव्वाबीन’ म्हणजे पश्चात्तप्तांचें सैन्य उभारलें. हुसेनांच्या कबरीपाशीं अश्रू ढाळून तें पुढें गेलें, आणि ६८५ च्या जानेवारींत ऐन-अल्-वर्दा येथें सुलेमानही लढतांना मारले गेले. शौर्यांत दोघे तुल्य; अंतर वेळेचें. हुंडी लिहिणें सोपें, मुदत भरतांच ती वटविण्यांत खरी पत, हें तुर्भ्याच्या घाऊक बाजारांतील लहानशा अडत्यासही सांगावें लागत नाहीं. हबीब यांनीं ती वेळेवर वटविली. सुलेमान यांनीं चार वर्षांनीं, व्याजासह. पण तोंवर जिच्यावर हुसेनांचें नांव होतें ती हुंडी घेण्यास हुसेन उरले नव्हते.

प्रेमचंदांनीं १९२४ सालीं ‘कर्बला’ हें नाटक लिहिलें, तेव्हां त्या रणांगणावर हिंदु पात्रेंही उभीं केलीं. ऐक्याची तळमळ म्हणून तें स्तुत्यच होय. तथापि आमच्या सुशिक्षित वाचकास त्या कथेंत शिरण्यास याहून जवळचें एक द्वार आहे, आणि तें कूफ्याचें. यझीदाची क्रूरता आमच्या अंगीं नाहीं, हुसेनांचें धैर्यही नाहीं. परंतु निवेदनाखालीं सही करून संकटकाळीं दार लावून घेणारा नागरिक आम्हां प्रत्येकाच्या ओळखीचा आहे. तो घरोघरीं आरशांत दिसतो.

म्हणून कर्बलेवर मराठींत कोणी नाटक वा चरित्र लिहावयास घेतल्यास त्यानें पाण्याच्या मशकीइतकेंच महत्त्व त्या पत्रास द्यावें. मशक पाहून डोळे भरतात. पत्र पाहिलें म्हणजे आपली सही आठवते.