ओट्रँटोचा वाडा आणि लेकीचा बळी

होरेस वॉलपोल यांची १७६४ सालची 'द कॅसल ऑफ ओट्रँटो' गॉथिक कादंबरीची जननी मानली जाते. राक्षसी शिरस्त्राणाखाली मुलगा चिरडतो, तसबिरीतला आजा खाली उतरतो. आम्हा वडखळकरांना मात्र भुताहून मॅन्फ्रेडचा वारसाहक्क भयंकर वाटतो. आजाने धन्याला विष देऊन खोटे मृत्युपत्र केले. नातू ते राज्य राखण्यासाठी मृत मुलाच्या नियोजित वधूशीच लग्न करू पाहतो आणि अंधारात, तीच समजून, पोटच्या माटिल्डाला भोसकतो. इथले भूत थकलेली वसुली करायला येते. ती भरते निरपराध लेक. जवळच्या चरीत १९३३ पासून खोतांविरुद्ध संप चालवणाऱ्या कुळांच्या मुलखात हा हिशेब कुणाला समजावावा लागत नाही. आमचा आक्षेप एवढाच, की खऱ्या वारसाला राज्य मिळते, माटिल्डाला फक्त हुंदके.