बटणं, काजं आणि आर्माडिलो प्रथिनं

अँटीबॉडी हवी असेल तर प्रत्येक लक्ष्यासाठी शोध पहिल्यापासून करावा लागतो. त्याऐवजी पेप्टाइडचा क्रम बघायचा, हाताशी असलेले तयार तुकडे त्या क्रमाने जोडायचे आणि प्रथिन तयार, असं जमेल का? झुरिक विद्यापीठातला आंद्रेआस प्लुकथुन यांचा गट अनेक वर्षं याच प्रश्नामागे आहे. त्यांच्या 2018 सालच्या, ‘जर्नल ऑफ स्ट्रक्चरल बायोलॉजी’तल्या एका शोधनिबंधाबद्दल आज लिहितेय.

आधी थोडी पार्श्वभूमी. आर्माडिलो प्रथिनांत सुमारे 42 अमिनो आम्लांचा तुकडा पुन्हा पुन्हा येतो. प्रत्येक तुकड्यात तीन हेलिक्स असतात. ते रचले की पिळदार आकार तयार होतो आणि त्याच्या आतल्या खोबणीत पेप्टाइड ताणून बसतं. एका तुकड्याने दोन अमिनो आम्लं धरायची, हा हिशोब. 2016 मध्ये याच गटाने लायसिन-आर्जिनिनच्या जोड्यांचं पेप्टाइड पिकोमोलर पातळीवर, म्हणजे फारच घट्ट, धरून दाखवलं होतं.

मग अडतं कुठे? शर्ट आठवा. बटणांमधलं आणि काजांमधलं अंतर किंचित जरी वेगळं असलं, तरी वरची दोन बटणं लागतात आणि खाली कापड फुगायला लागतं. ताणलेल्या पेप्टाइडमध्ये दोन अमिनो आम्लांमागे साधारण 7 अँगस्ट्रॉम जातात. दर तुकड्यामागे अर्ध्या अँगस्ट्रॉमचा फरक पडला, तर पाच तुकड्यांनंतर चूक अडीच अँगस्ट्रॉमची. तिथे हायड्रोजन बंध टिकत नाही.

म्हणून लेखकांनी 27 स्फटिकरचना घेतल्या (त्यातल्या 12 आधी अप्रकाशित) आणि प्रत्येकीची वक्रता मोजली. निसर्गातले अनेक क्रम शेजारी ठेवून, प्रत्येक जागी सर्वाधिक आढळणारं अमिनो आम्ल निवडून केलेली प्रथिनं हव्या त्या वक्रतेच्या जवळ निघाली. याउलट, आधी संगणकावर नेमकी भूमिती ठरवून मग तिच्यात बसतील अशी अमिनो आम्लं निवडलेली प्रथिनं प्रत्यक्षात भरकटली. आपल्याच गटाचा फसलेला आराखडा असा आकड्यांसह मांडायला हिंमत लागते.

मला सगळ्यात महत्त्वाची वाटली ती तिसरी कबुली: स्फटिकात रेणू दाटीने रचले जातात आणि त्या दाटीमुळेही वक्रता थोडी, पण दखल घ्यावी इतकी बदलते. म्हणजे आपण ज्याला पुरावा मानतो, तोच थोडा वाकलेला असू शकतो! लेखक इथे थांबले नाहीत. द्रावणात, एकेका रेणूवर फ्रेट मोजून त्यांनी पडताळलं, की पेप्टाइड बसल्यावर प्रथिन योग्य वक्रतेत येतं.

माझी तक्रार शीर्षकाबद्दल आहे. ही वक्रता तुकड्या-तुकड्यांनी पेप्टाइड धरू देते, असं ते सांगतं. खरं तर सिद्ध झालंय ते एवढंच, की भूमिती आड येत नाही. लायसिन आणि आर्जिनिन दोन्ही धनभारित. ऋणभारित खोबणीत ती ओढली जाणारच. भार नसलेल्या ल्युसिनसाठी किंवा सेरिनसाठी वेगळा खण घडवावा लागेल, आणि तो मोजलेल्या वक्रतेतून आपोआप मिळत नाही. काजं सरळ रेषेत आली, बटणं अजून शिवायचीत.

तरीही हा निबंध वाचाच. आणि पुढच्या वेळी पीडीबीतली एखादी रचना उघडलीत, तर एकच रेणू बघून थांबू नका. स्फटिकातले शेजारीही स्क्रीनवर आणा आणि कोण कुणाला ढकलतंय ते बघा. मी स्वतः हे फार उशिरा शिकले.