फेज-लॉक्ड लूप आणि सूक्ष्मलहरी वाहक : पाठ्यपुस्तकी मांडणीचे परीक्षण

बडनेऱ्यासारख्या ठिकाणी अभियांत्रिकीच्या वर्गात फेज-लॉक्ड लूप शिकविले जाते ते बहुधा 565 या आयसीच्या आधारे. ही आयसी 500 किलोहर्ट्झच्या पुढे जात नाही. सूक्ष्मलहरींचा प्रदेश मात्र गिगाहर्ट्झचा. हे अंतर आपली क्रमिक पुस्तके, लूपच्या योगे मॉड्युलेशन सूक्ष्मलहरी वाहकावर नेता येते, अशा आशयाच्या एका वाक्यात ओलांडतात. प्रस्तुत लेखकाचा आक्षेप त्या वाक्यावर आहे. ते खोटे नाही, अपुरे आहे.

मिक्सर 70 मेगाहर्ट्झवरील संदेश 6 गिगाहर्ट्झवर नेतो तेव्हा आयाम व कला दोन्ही जातात. बडनेरा जंक्शनवर अमरावतीचा प्रवासी सामानासह गाडी बदलतो, तसे. लूपमध्ये कोणीच गाडी बदलत नाही. सूक्ष्मलहरी दोलक संदर्भाच्या कलेकडे पाहून आपली चाल राखतो, एवढेच. म्हणून कलेतील बदल उतरतात, आयामातील नाहीत. आणि तेही लूपच्या पट्टरुंदीत बसतील तेवढेच. जीएसएम हँडसेटांत ही युक्ती चालली, कारण जीएमएसके संकेताचा आयाम स्थिर असतो. क्वामसाठी ती एकटी पुरत नाही.

दुसरी उणीव अधिक गंभीर आहे. परतीच्या मार्गात 60 ने भागणारा विभाजक ठेवून 100 मेगाहर्ट्झवरून 6 गिगाहर्ट्झ मिळविले, तर 10 किलोहर्ट्झचे विचलन 600 किलोहर्ट्झ होते आणि संदर्भाचा कला-गोंगाट सुमारे 35.6 डेसिबलने वाढतो. यास मॉड्युलेशन नेणे म्हणावे की ताणणे? विभाजकाऐवजी मिक्सर ठेवून स्थिर सूक्ष्मलहरीशी येणारा फरक मॉड्युलेटेड संदर्भाशी ताडला, तर विचलन जसेच्या तसे राहते. मात्र तोच फरक स्थिर लहरीच्या दोन्ही बाजूंना मिळतो. दोलक भलत्या बाजूला जाऊन अडकणार नाही, हे पाहावे लागते.

याचे मोल जुन्नर तालुक्यातील खोडदच्या जीएमआरटीवरून कळते. तेथील 45 मीटर व्यासाच्या 30 अँटेना सुमारे 25 किलोमीटरच्या परिसरात विखुरल्या आहेत. मूळ रचनेत प्रत्येकीचा स्थानिक दोलक केंद्राकडून प्रकाशतंतूने आलेल्या संदर्भाशी कलाबद्ध केलेला असे. तेथे संदर्भावरील मंद चढउतार हा दोषच, आणि लूप तो इमानाने गुणून पुढे पाठविणार!

565 ला 7490 गणक जोडून दहापट वारंवारता मिळविण्याचा प्रयोग अनेक प्रयोगशाळांत होतो. त्यात संदर्भाला थोडे एफएम देऊन दोन्हीकडचे विचलन मोजावयास लावावे, आणि नंतर एएम देऊन बाहेर काय उरते ते पाहावयास सांगावे. नवे उपकरण लागत नाही.