टेकडी, बाग आणि ती

जॉर्जोनेची ‘निद्रिस्त व्हीनस’ ड्रेस्डेनच्या संग्रहालयात आहे. १५१०च्या सुमारास रंगवलेल्या या चित्राचे निसर्गदृश्य तित्सियानने पुरे केले. उघड्यावर झोपलेल्या त्या स्त्रीच्या अंगाची रेषा डोळ्यांनी पावलांपर्यंत नेली, की मागच्या टेकडीचा उतारही त्याच वळणाने गेलेला दिसतो. या सुसंवादाला रसिकांनी पिढ्यान्‌पिढ्या दाद दिली. स्त्रीवादी समीक्षेने विचारले : या सुसंवादासाठी तिने झोपलेलेच का असायला हवे?

गेल्या पन्नास वर्षांत या प्रश्नाने प्रबोधनकालीन कलेकडे पाहण्याची रीतच बदलली. नग्न मॉडेलवरून रेखाटनाचे शिक्षण स्त्रियांना बंद होते, याकडे कलाइतिहासकार लिंडा नॉकलिनने १९७१मध्ये लक्ष वेधले. स्त्रियांच्या वाट्याला प्रबोधन आले तरी का, असे इतिहासकार जोन केलीने १९७७मध्ये विचारले. माता मानलेली निसर्गसृष्टी हळूहळू ताब्यात घ्यायची वस्तू कशी झाली, हे विज्ञानाची इतिहासकार कॅरोलिन मर्चंटने १९८०मध्ये मांडले.

ड्यूररच्या एका काष्ठमुद्राचित्रात हा ताबा उघड दिसतो. टेबलावर आडवी पडलेली स्त्री, समोर चित्रकार आणि दोघांमध्ये चौकटीत ताणलेली दोऱ्यांची जाळी. नजर जागची हलू नये म्हणून त्याच्या डोळ्यांसमोर एक टोकदार खुंटी. जमीन मोजावी तसा तो देह चौकोनाचौकोनाने कागदावर उतरतो.

बोत्तिचेल्लीच्या ‘प्रिमावेरा’त हेच जास्त मोहक होऊन येते. उजव्या कडेला वारा झेफिर वनकन्या क्लोरिसला धरतो. ती मागे वळून पाहते आणि तिच्या तोंडातून फुले बाहेर पडतात. शेजारी तीच पुष्पदेवता फ्लोरा होऊन फुले उधळते आहे. जबरदस्तीचे रूपांतर वसंतात झाले आहे. चित्र सुंदर आहे, म्हणूनच ती फुले कुठून आली हे विसरून चालणार नाही.

अर्थात सगळा काळ एकाच मापाने मोजता येत नाही. लिओनार्दोच्या मनात निसर्ग ही जाणती, समर्थ स्त्रीशक्ती होती, असे कलाइतिहासकार मेरी गॅरार्डचे प्रतिपादन आहे. त्याने रंगवलेल्या जिनेव्रा दे बेंचीच्या डोक्यामागचे काटेरी जुनिपर तिच्या नावावरचा श्लेष आहे खरे, पण तिचा चेहरा त्या झाडात हरवत नाही.

प्रबोधनकाळ सरताना, १६१०मध्ये, आर्तेमिसिया जेंतिलेस्कीने बायबलच्या कथेतली, न्हाताना दोन वृद्धांनी गाठलेली सुझाना रंगवली. तिन्तोरेत्तोच्या सुझानाभोवती गर्द बाग होती, समोर आरसा होता. कोवळ्या वयाच्या आर्तेमिसियाने ती बागच काढून टाकली. उरला दगडी कट्टा आणि नको म्हणत उचललेले दोन हात.

या समीक्षेने स्त्रीला टेकडीपासून सोडवले, हे तिचे मोठे काम. टेकडीकडे मात्र तिने अजून पुरेसे पाहिलेले नाही, असे मला वाटते. जॉर्जोनेच्या चित्रात उजवीकडे घरे आहेत. तिथली जमीन कोण कसत होते, त्या घरांतल्या बायका कुठे आहेत? पुढचा प्रश्न त्या घरांच्या दारात उभा आहे.