रुपयाचे पाठभेद

दिवाळी जवळ आली म्हणजे सराफकट्ट्यावर 'राणीछाप' रुपयाची चौकशी सुरू होते. लक्ष्मीपूजनाच्या तबकात कागदी नोटेपेक्षा जुना चांदीचा रुपया अधिक शोभतो, ही भावना आपल्याकडे घरोघर आहे आणि तिच्याविषयी आम्हांस काही म्हणावयाचे नाही. म्हणावयाचे आहे ते खरेदीच्या रीतीविषयी. गिऱ्हाईक दोनच प्रश्न विचारते: जुना आहे ना? आणि चांदीचा आहे ना? या दोन्ही प्रश्नांची उत्तरे होकारार्थी आणि खरी असूनही घेणारा फसू शकतो.

आपल्या पूर्वजांची रीत अशी नव्हती. पेशवाईत बाजारात एक रुपया नव्हता, अनेक रुपये होते. चांदवडी निराळा, अंकुशी निराळा, मल्हारशाही निराळा. प्रत्येकाची चांदी वेगळी, खूण वेगळी, आणि म्हणून त्याला लागणारा बट्टाही वेगळा. नावाला 'बट्टा लागणे' हा आपला वाक्प्रचार त्या व्यवहारातूनच आला आहे. अंकुश कोणत्या बाजूस आहे, अक्षर कोठे तुटले आहे, हे डोळ्यांनी पाहून आणि फरशीवर वाजवून मगच रुपया गाठीस मारावयाचा, ही पारख साध्या वाण्यालाही असे. आज जिला आपण छंदिष्टांची विद्या समजतो, ती तेव्हा पोटापाण्याची विद्या होती.

ती गेली कशाने? आमच्या मते १८३५ च्या कायद्याने. त्या वर्षी ईस्ट इंडिया कंपनीने आपल्या साऱ्या मुलखासाठी एकच रुपया ठरविला: वजन १८० ग्रेन, म्हणजे बरोबर एक तोळा, आजच्या मापाने ११.६६ ग्रॅम, त्यात बारापैकी अकरा भाग चांदी. सोय मोठी झाली, यात संशय नाही. बट्ट्याची कटकट हळूहळू मिटली. परंतु रुपया म्हणजे रुपया, त्यात पाहावयाचे काय, अशी जी सवय डोळ्यास लागली ती त्या सोयीची किंमत होय. आणि गंमत अशी की हा एकरूप रुपयाही दिसतो तितका एकरूप नाही.

हस्तलिखित पोथीच्या वाचकाला पाठभेद म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. नाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, ती पाठ फिरले होते म्हणूनच. नाण्याचेही तसेच आहे. ठसा हाताने कोरला जातो, झिजतो, पुन्हा कोरला जातो. एक टाकसाळ एक खूण ठेवते, दुसरी ठेवीत नाही. १८३५ च्या रुपयावर राजा चौथा विल्यम याचे मस्तक आहे. त्याच्या मानेच्या कापलेल्या कडेवर काही नाण्यांत 'आर. एस.', काहींत 'एफ.' अशी बारीक अक्षरे सापडतात, तर काहींत अक्षर मुळीच नाही. ही कलकत्त्याच्या टाकसाळीतील अधिकाऱ्यांची आद्याक्षरे, पहिली रॉबर्ट साँडर्स यांची आणि दुसरे फोर्ब्स यांचे. पुढील बाजूवर राजाचा चौथेपणा दाखविण्यासाठी चार उभ्या रेघा काढलेल्या आहेत. ती चूक नव्हे, ठशाचीच रीत आहे. विकणारा ती 'दुर्मिळ चूक' म्हणून सांगू लागला तर तेथून उठावे.

१८४० चा व्हिक्टोरिया रुपया या दृष्टीने फार शिकविणारा आहे. चेहरा विल्यम वायन या कसबी कोरक्याच्या घडणीचा: तरुण, मुकुटावाचून, केस मागे बांधलेले. आमच्या मते या देशात चाललेल्या इंग्रजी रुपयांत इतके संयमी काम दुसरे नाही. पुढचे मुकुटधारी चित्र नक्षीच्या भाराखाली दबून जाते. या १८४० च्या रुपयाचे दोन ठळक प्रकार आहेत. एकात 'व्हिक्टोरिया क्वीन' ही अक्षरे मस्तकावरून एका ओळीत अखंड फिरतात. दुसऱ्यात एक शब्द मस्तकाच्या डावीकडे व एक उजवीकडे असा तुटतो. अखंड ओळीचा प्रकार आधीचा, तुटक ओळीचा नंतरचा. साल मात्र दोहोंवरही १८४० च. काट्याच्या बाजूस जी पानांची माळ आहे तिच्यातील फळांची संख्याही ठशागणिक बदलते, आणि जाणकार ती मोजतात. फळे मोजणारा मनुष्य पाहून हसू येते खरे. पण शिलालेखातील काना-वेलांटीवरून काळ ठरविणाऱ्यास आपण हसत नाही.

म्हणजे सालाचा आकडा हा नाण्याचा जन्मदिवस नव्हे, ही पहिली शिकवण. ती १८६२ च्या रुपयाने अधिकच पक्की होते. राज्यकारभार १८५८ मध्ये राणीकडे गेल्यावर निघालेल्या नव्या रुपयावर १८६२ हे साल घातले गेले, आणि पुढे दशकभर तेच चालू राहिले. खरे साल नाण्यावर येऊ लागले ते १८७४ पासून. मधल्या काळात मुंबईच्या टाकसाळीने मागील बाजूवर बारीक ठिपके ठेवले, आणि ते नाणे पाडल्याच्या वर्षाची खूण होत, असा अभ्यासकांचा निष्कर्ष आहे. १८७७ पासून 'क्वीन' जाऊन 'एम्प्रेस' आले. पुष्कळ लोक 'राणीछाप' या एका शब्दात हे सारे एका पोत्यात भरतात आणि एकाच भावाने घेतात किंवा विकतात.

सालाचा फसवेपणा संस्थानी नाण्यांत आणखी वाढतो. वडोद्याच्या सयाजीराव महाराजांचा चेहऱ्याचा रुपया हाती घ्यावा. त्यावर १९४८ असा आकडा दिसेल. तो विक्रम संवत आहे, इसवी सन सुमारे १८९१. स्वातंत्र्यानंतरचे नाणे समजून ते मोडीत घालणारे आणि उलट त्यावर भलतीच कथा रचून विकणारे, दोघेही अडाणीच. हैदराबादच्या चारमिनार रुपयावर हिजरी साल आहे. मनोऱ्याच्या मधल्या कमानीत महबूब अली खानाच्या वेळी 'मीम' हे अक्षर असे. १९११ मध्ये उस्मान अली खान गादीवर आल्यावर तेथे 'ऐन' आले. हिजरी १३२९-३० च्या काही रुपयांवर हा 'ऐन' आखूड, अर्धवट काढलेला आहे. पुढे तो पूर्ण झाला. या रुपयाचे वजन ११.१८ ग्रॅमच्या आसपास आणि चांदी शेकडा ८२ हून थोडी कमी. तेव्हा तोळ्याच्या हिशेबाने हैदराबादी रुपया घेणाऱ्याने खडे मोजून तांदूळ घेतले असे म्हणावे लागते.

गोव्याच्या वाचकास त्याच्या घरचा दाखला देतो. १८७८ च्या इंग्रज-पोर्तुगीज करारानंतर १८८१ व १८८२ या सालांचे लुईश राजाचे रुपये कलकत्त्याच्या टाकसाळीत पाडले गेले, इंग्रजी रुपयाच्याच वजनाचे आणि कसाचे. मग कार्लुश राजाचे आणि प्रजासत्ताकाचे रुपये आले. १९३५ चा रुपया बारा ग्रॅमचा, चांदी पूर्वीइतकीच. पण १९४७ व १९५२ च्या रुपयांत वजन तेच ठेवून चांदी निम्म्यावर आणली. इंग्रजी मुलखात हेच १९४० मध्ये घडले: सहाव्या जॉर्जचा १९४० ते १९४५ चा रुपया निम्म्या चांदीचा आहे. जुन्या रुपयात शुद्ध चांदी १०.७ ग्रॅम, यात ५.८. १९४७ च्या रुपयावर वाघ आहे, पण तो निकेलचा. त्यात चांदी मुळीच नाही. 'जुना, चांदीचा' या दोन शब्दांवर विसंबणाऱ्याला हा फरक कोण सांगणार?

आता ज्या प्रकाराविषयी लिहिण्यास हात खरोखर शिवशिवतो त्याकडे वळतो. एका बाजूस राम, लक्ष्मण, सीता व हनुमान, दुसऱ्या बाजूस 'ईस्ट इंडिया कंपनी', १८१८ किंवा तसलेच एखादे साल आणि 'एक आणा' अशी अक्षरे, अशी नाणी देवळांच्या जत्रांतून अद्भुत गुणांची म्हणून विकली जातात; कधी पितळेची, कधी चांदीचा मुलामा दिलेली. कंपनीने असे नाणे कधी पाडले नाही. ब्रिटिश हिंदुस्थानात एक आण्याचे नाणे निघाले ते १९०७ साली, कंपनी बुडाल्यानंतर. रामटंका ही खरी वस्तू आहे. पण ती दक्षिणेतील पूजेची मुद्रा, पुष्कळदा वाटीसारखी खोलगट, आणि तिच्यावर आण्याचा आकडा असण्याचे कारण नाही. भाविकाची श्रद्धा हेच येथे भांडवल केलेले आहे, आणि देवळाच्या दारातच ते व्हावे याची लाज वाटते.

याचा अर्थ कंपनीच्या नाण्यांवर देव नव्हतेच असा मात्र करू नये. मद्रासला १८०७ च्या सुमारास निघालेल्या चांदीच्या अर्ध्या आणि पाव पॅगोड्यावर एका बाजूस देवळाचे गोपुर आहे, दुसऱ्या बाजूस विष्णू. सुंदर नाणे आहे. बनावट रामदरबारावर जेवढे पैसे उधळले जातात तेवढ्यात असे खरे नाणे येईलच असे नाही. पण ज्याने ते एकदा पाहिले तो पितळी रामदरबाराकडे पुन्हा वळणार नाही.

खरेदीपूर्वी शिकावयाचे ते असे पाहून. फ्रेड प्रिडमोर यांचे हिंदुस्थानच्या इंग्रजी नाण्यांवरील ग्रंथ १९७५ व १९८० मध्ये निघाले. ते इंग्रजीत आहेत, रुक्ष आहेत, आणि तरीही त्यांतील ठशांचे वर्णन वाचताना आपले डोळे किती आळशी आहेत हे उमगते. नाशिकजवळ अंजनेरीस नाणेसंशोधनाची संस्था आहे. पुस्तकाबरोबर एक सूक्ष्म तराजू आणि एक भिंग हवे. ओतीव बनावट नाण्याच्या कडेवर सांधा दिसतो, पृष्ठ खरबरीत असते. माळेतून काढलेल्या रुपयाच्या माथ्यावर कडी झाळल्याचा डाग राहतो, बुजविलेले भोक बोटाला जाणवते. अशा नाण्याला कमी किंमत द्यावी, पण नाकारू नये, कारण कोणा आजीच्या गळ्यात ते पन्नास वर्षे होते. आणि चिंच-राखेने घासून लखलखीत केलेला रुपया 'नवा कोरा' म्हणून मुळीच घेऊ नये. देवघरातील रुपये आपण दरवर्षी असेच घासतो. राणीच्या केसांच्या रेघा प्रथम जातात, मग साल.

देवस्थानांच्या महाजनांना आणि विश्वस्तांना एक विनंती. देवाच्या डब्यातील जुनी चांदी आटविण्यास पाठविण्यापूर्वी ती एकदा चादरीवर पसरावी. १९४० नंतरचे रुपये बाजूला, संस्थानी व पोर्तुगीज निराळे, १८४० चे अखंड व तुटक ओळींचे निराळे. राहिले १८६२ चे. त्यांच्या काट्याच्या बाजूवरचे ठिपके मोजावयास एक भिंग आणि दुपारचा उजेड पुरतो.